छातीवर ठेवून पाहिलेले नमुने

अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज थांबतो, हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे होता. त्याच्यापायी माझं अर्धं आयुष्य लोकांच्या भिंतींवरून ट्रे खरवडण्यात गेलं. क्लासवाले, दातांचे डॉक्टर, मंगल कार्यालयाशेजारी घर बांधून पस्तावलेले लोक, उमरग्यापासून लातूरपर्यंत सगळ्यांकडे मी जातो आणि एकच गोष्ट घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. ट्रे, फोम, थर्माकोल यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज थांबत नाही. त्याला वजन लागतं. भिंत जड पाहिजे, नाहीतर भिंतीपुढं दुसरी भिंत पाहिजे, दोन्हीच्या मधे पोकळी, पोकळीत रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, लाद्या, आणि फट म्हणून कुठं राहायला नको. बोटभर फटीतनं अख्खा बँड आत येतो. लोक माना डोलावतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण नुसता फोम मारला तर नाही का भागणार?" मग माझं डोकं फिरतं.

मी तापट आहे, हे मला बायकोनं सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकाशी भांडून मी कामं सोडलेली आहेत. पण हातातलं काम कधी कच्चं सोडलं नाही, हे मी छाती ठोकून सांगत आलो. माझ्या खोल्यांपैकी एकीचीही तक्रार परत आली नाही. तशीच पक्की एक खोली मी माझ्या घरात केली, सास्तूरमधे, माझ्या आईसाठी. त्या खोलीचं पुढं काय झालं, ते मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

आई घरात झोपायची नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं, "आत्याबाई बाहेर का झोपतात ओ?" मी विषय बदलला, कारण आमच्या गावात हे कुणी कुणाला विचारत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नवं बसलं. सरळ रस्ते, ओळीनं सारखी घरं, वर स्लॅब. घर ताब्यात आलं त्या दिवशी आईनं आत चूल मांडली, देव मांडले आणि स्वतःचं अंथरूण मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधे टाकलं. ते तिथंच राहिलं. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापायचा, पावसाळ्यात खालून ओल यायची, थंडीत तर विचारू नका. ती हलली नाही.

तिच्या उशाशी एक स्टीलचं ताट असायचं आणि त्यावर एकावर एक पालथी ठेवलेली तीन फुलपात्रं. भूकंपानंतरची काही वर्षं घरोघरी असं काहीतरी असायचंच. जमीन जराशी हलली तरी भांडी किणकिणतात, माणूस जागा होतो, पळायला तेवढाच वेळ मिळतो. पुढं बाकीच्यांनी आपापली भांडी फळीवर नेऊन ठेवली. आईनं नाही ठेवली. रोज घासायची, पुसायची आणि पुन्हा तशीच मांडायची.

त्यातलं सगळ्यात वरचं फुलपात्र पितळेचं होतं, एका अंगाला चेपलेलं. त्याची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तूर निवडता निवडता, माझ्याकडं न बघता.

भूकंपाच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. गणपती बुडवायला मामाच्या गावी गेलो होतो, म्हणून वाचलो. आमचं जुनं घर दगडमातीचं, दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. शेजारी भांडण पेटलं तरी आत चाहूल लागायची नाही. आज मी गिऱ्हाइकाला आवाजासाठी जसली भिंत सांगतो, अगदी तसली. ती भिंत वडलांच्या अंगावर आली, ते जागीच गेले. आई चौकटीच्या आडोशानं दगडांखाली जिवंत राहिली. धाकटी बहीण पाच वर्षांची, आईपासून हातभर लांब, पण मधे दगड. दोघींना एकमेकींचा आवाज यायचा, हात पोचायचा नाही. आईच्या हाताला हे फुलपात्र लागलं. त्यानं ती दगडावर ठोकत राहिली आणि लेकीला म्हणाली, तू बी ठोक, वरच्या माणसांना कळू दे. तिनं खडा घेऊन ठोकलं.

"लई ठोकलं तिनं," आई म्हणाली. "लई रडली. मग गप झाली. मला वाटलं, बरं झालं, झोपली पोर."

एवढं बोलून ती पुन्हा तूर निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी फुलपात्राच्या आवाजावर लोकांनी आईला काढलं. बहिणीला तिच्यानंतर काढलं. यापुढं तिनंही काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गावाबाहेर खडी फोडायची मशीन सुरू झाली तशी आमच्या दारावरून टिपर जायला लागले. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, भरलेला जायचा, रिकामा यायचा. धुळीनं सगळं अंगण पांढरं. ज्वारी वाळत घालायची सोय नाही, धुणं वाळत घालायची सोय नाही. आईला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "छातीत धूळ बसलीय. यांना घरात घ्या, दारं-खिडक्या लावून ठेवा. हा हिवाळा पत्र्याखाली काढला तर पुढचा हिवाळा बघायच्या नाहीत."

घरी आल्यावर मी सरळच बोललो. "माय, बास झालं आता पत्र्याखाली. आत झोपायचं."

"न्हाय."

"डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. कान हायती मला."

"मग मरायचंय का तुला?"

बायकोनं माझ्याकडं डोळे वटारले. आई मात्र चिडली नाही. मला समजावून सांगायला लागली. "आरं, हितं गाडी दिसती. गडगड झालं की मान वर करून बघते, टिपर हाय म्हणून कळतं. मेला गेला म्हणते आन् पडते. आत चार भिंतींत नुसती गडगड घुमती, दिसत काईच न्हाय. जीव तोंडात येतो. वाटतं, आलं."

"आणि आवाजच आत आला नाही तर?"

तिनं मान वर केली. "आसं व्हतंय व्हय?"

"अगं, पोट कशावर भरतो मी तुमचं? धंदाच तो आहे ना माझा!"

"मग झोपते," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी उडालोच. मग तिनं अट घातली. "पर भिंतीला वजन लावायचं न्हाय. वरचं सरकारनं टाकलंय, त्याला माझा इलाज न्हाय. तू आणिक वाढवू नको."

आता हे म्हणजे स्वयंपाक करा पण विस्तव पेटवू नका असं झालं. वजनाशिवाय आवाज अडत नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगितलं आणि माझ्या घरात मलाच वजन बंदी. मी तिला दोन दिवस समजावलं, आवाज चढवला, हात जोडले. शेवटी नमुन्यांची पिशवी आणली. गिऱ्हाइकांना दाखवायला मी हातभर तुकडे ठेवतो: हलका सिमेंटचा ब्लॉक, प्लायवूड, सिमेंट शीट, जिप्सम बोर्ड, रॉकवूल, फोम. म्हटलं, बघ, तूच निवड.

तिनं तुकडे हातात घेऊन पाहिले. मग बाजेवर उताणी झोपली आणि म्हणाली, "ठीव."

"कुठं?"

"छातीवर ठीव की."

मी मागं बघितलं. बायको दारात उभी होती. मी आधी ब्लॉक उचलला. ठेवला. आईनं डोळे मिटले. ब्लॉक तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता, थोडा वेळ झाला आणि तो वर यायचा थांबला. "काढ. काढ म्हणते ना!" मी झटक्यात काढला. ती खोकत उठली, पाणी प्याली, पुन्हा आडवी झाली. "दुसरं ठीव."

प्लायवूड तिनं बराच वेळ राहू दिलं. मग म्हणाली, "ह्याच्यावर आसले आणिक चार पडले तर?" सिमेंट शीट नको म्हणाली, गार लागते. रॉकवूल हलकं होतं पण अंगाला खाजवायला लागलं. फोम तिला आवडला. "हे लाव, गादीवानी हाय." मी म्हटलं, माय, त्यानं काही होत नाही. शेवटी जिप्समचा तुकडा ठेवला. तिनं तो स्वतःच छातीवरून उचलला, दोन्ही हातांत धरला आणि गुडघ्यावर दाबला. काडकन दोन तुकडे झाले. पांढरा भुगा तिच्या लुगड्यावर पडला.

आई हसली. मला ते हसू अजून दिसतं. "हे बरं हाय. हातानं फुटतंय."

मी पण हसलो. हातभर तुकडा कुणीही फोडेल. अख्खा बोर्ड चौकटीला स्क्रूनं बसला, मागं रॉकवूल ठासलं, की आतल्या माणसाच्या मुठीनं त्याला पोचा सुद्धा पडत नाही. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही. म्हटलं, कशाला घाबरवायचं, आत येतेय तर येऊ दे.

काम आठ दिवस चाललं. दुसऱ्यांच्या कामावर मी मिस्त्री लावतो, हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलं. भिंतीपासून बोटभर सोडून पत्र्याची हलकी चौकट, तिच्यात रॉकवूल, वरून बोर्ड, सांध्यांना सिलिकॉन, खिडकीला दुहेरी काच. बोर्डाचा एक थर लावून मी आत उभा राहिलो. टिपर गेला. येत होता आवाज, अर्ध्यावर आला होता पण येत होता. मला ते सहन होईना. आई तेव्हा भजनाला गेली होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिला परत यायला दोन-तीन तास लागणार होते. तेवढ्यात मी रस्त्याकडच्या भिंतीला पहिल्यावर दुसरा बोर्ड चढवला, सांधे बुजवले, भुगा झाडून काढला. बायको म्हणाली, "त्यांना सांगा तरी." मी म्हटलं, "तुला काय कळतंय यातलं? गप बस." बाहेरून एक बोर्ड आणि दोन बोर्ड सारखेच दिसतात.

दार मात्र जडच बसवावं लागलं, पातळ दाराला अर्थ नसतो. चहूबाजूनं रबराची पट्टी, खाली दाबून ओढायचा मूठवाला हँडल. आईला सगळा जन्म कडी-कोयंडा माहीत. मी तिचा हात धरून एकदा दाखवलं, असं दाबायचं, असं ओढायचं. तिला जमलं. नवं रबर चौकटीला धरून बसतं, जोर लागतो, तेवढं बोललो, "जरा ओढून घे, सैल होईल नंतर."

मग आम्ही आवाज तपासला. बायको आत थाळी-चमचा घेऊन बसली, मी बाहेर. काहीच येईना. मी दार उघडलं तर ती अजून वाजवत होती. त्या दिवशी मी काय खुशीत होतो! शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायचे, त्यांना मी ओढून आणून दाखवलं.

आई आत आली, मधोमध उभी राहिली. "कान गेल्यावानी वाटतंय," म्हणाली. पण बसली. मग ताट आणलं, उशाशी ठेवलं आणि तिन्ही फुलपात्रं एकावर एक पालथी मांडली.

मी ते पाहिलं. पाहिलं आणि मला काही खटकलं नाही. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. आवाज हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो, हे मी लोकांना सांगतो. खडीचा टिपर जातो तेव्हा जमीन हादरते, तो हादरा पाया धरून घरात चढतो, त्याला रॉकवूल काय करणार? शेडमधे असताना आधी गाडीचा आवाज यायचा, मग फुलपात्रं किणकिणायची, आई म्हणायची, मेला गेला. आता गाडी मी बंद केली होती. नुसती किणकिण ठेवली होती. गाडी नसताना भांडी वाजली तर काय समजायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पहिले तीन दिवस तिनं दाराच्या फटीत चप्पल अडकवून ठेवली, त्यामुळं थोडा आवाज यायचा. त्या तीन दिवसांत ती दुपारी झोपली. घोरत झोपली. बायकोनं मला हाताला धरून नेऊन दाखवलं आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलं आपण. चौथ्या दिवशी दुपारी वारं सुटलं, धुळीचा लोट अंगणातून घरात यायला लागला. मी आईची चप्पल काढून घेतली. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "कडी लावू नको बरं." मी म्हटलं, "कडीच नाही माय याला, झोप तू." आणि बाहेरून दार ओढून घेतलं. ते फस्स करून बसलं.

बाहेर ओट्यावर ड्रायव्हरकाका आले होते. बायको चुलीपाशी चहा टाकत होती. मी काकांना म्हटलं, "आता आत ढोल वाजवा, तुम्हाला कळायचं नाही."

काका भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "लई भारी काम केलंस बाबा." टिपर गेला, आम्ही तोंडावर रुमाल धरले, धूळ खाली बसली, पुन्हा बोलायला लागलो. मी त्यांना दोन बोर्डांचं सांगितलं. आईला न सांगता कसं केलं, तेही रंगवून सांगितलं. काका हसले. मग मधेच म्हणाले, "पाठीला कायतरी लागतंय रं. ठकठक."

मी म्हटलं, "टिपर गेला ना आत्ता."

"जाऊन लई वेळ झाला की."

"मग दुसरा येत असंल," मी म्हटलं, आणि बोलत राहिलो.

चहा झाल्यावर बायको आईची कपबशी घेऊन गेली. दार ढकललं आणि कपबशी फुटल्याचा आवाज आला. आधी तो आवाज, आणि त्याच्यामागून आईचा. असला आवाज मी माणसाचा कधी ऐकला नाही.

मी धावलो. आई दारालगतच्या कोपऱ्यात खाली बसली होती. हातात पितळेचं फुलपात्र. बोर्डावर तिच्या डोक्याच्या उंचीला पांढरे चट्टे, कागद फाटलेला, आणि त्यावर लाल बोटं. पहिला बोर्ड तिनं एका जागी फोडला होता. त्याच्यामागं दुसरा होता. ताटातली दोन फुलपात्रं खोलीत इकडंतिकडं गेलेली. हँडल खाली दाबायचा असतो हे ती विसरली होती, किंवा दाबून दार ओढलंही असेल, रबरानं धरून ठेवलं असेल. मी विचारलं नाही.

ती ठोकायची थांबली नव्हती. मी हात धरला तरी मनगट हलतच होतं. मी म्हटलं, "माय, मी आहे. माय, बघ माझ्याकडं."

तिनं बघितलं. चेहरा सगळा भुग्यानं पांढरा. म्हणाली, "किती दिस झाले रं?"

पंधरा मिनिटं झाली होती. पंधरा-वीस मिनिटं.

"धाकटीला काढलं का?" तिनं विचारलं. "मघाधरनं आवाज येत न्हाय तिचा."

बायकोनं तिला मिठी मारली आणि खोटं सांगितलं, "काढलं, आत्याबाई. काढलं. चला बाहेर."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन सगळं उचकटलं. नीट काढता आलं असतं, बोर्ड परत वापरता आले असते. मी फोडले. एकेक घाव घालताना मी स्वतःला शिव्या देत होतो, आणि ते माझे शब्द घराबाहेर चांगले ऐकू जात होते, कारण आता काहीच उरलं नव्हतं. रॉकवूलचे झुपके अंगणात उडत होते. आई शेडमधे बाजेवर बसून बघत होती. तिला काय काय कळलं होतं, मला सांगता येत नाही. दोन बोर्ड होते हे तिनं पाहिलं, एवढं नक्की. ढिगातला एक तुकडा तिनं उचलून, त्याची जाडी बोटांनी चाचपून खाली ठेवला.

त्यानंतर ती शेडमधेच राहिली. मी शेडला ताडपत्री बांधली, रस्त्यावर दिवसातून चार वेळा पाणी मारलं, मशीनवाल्याशी जाऊन भांडलो. धूळ यायची ती आलीच. आणि आईला नवी सवय लागली. थोड्या थोड्या वेळानं ती फुलपात्रानं बाजेच्या लोखंडी पायपावर ठोकायची. टण टण टण. कुणीतरी ओरडून सांगायचं, "हाय, माय, हाय! ऐकू येतंय!" मग ती थांबायची. उत्तर आलं नाही तर ठोकणं वाढायचं. जेवताना, फोनवर बोलताना, आंघोळीला बसलो असताना. सुरुवातीला मी पळत जायचो. मग नुसता ओरडायचो. मग ओरडतानाही आवाजात चीड यायला लागली. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू? एकदा तर म्हणालो, "किती वाजवशील गं, डोकं फुटायची वेळ आली!" ती घाबरून थांबली, आणि मला आणखीनच लाज वाटली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा ठोकलं, हळू.

ती गेली येळवशीच्या दिवशी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, जो येईल त्याला जेवायला वाढायचं. बायको सकाळीच डोक्यावर पाटी घेऊन भावकीबरोबर शेतात गेली. मी आईजवळ थांबलो. मशीन बंद होती, टिपरचे ड्रायव्हरही आपापल्या रानात. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

मी ओट्यावर बसलो होतो. शेडमधून टण टण टण यायचं, मी म्हणायचो, "हाय, माय." बायकोनं मागं ठेवलेली आंबील मी आईला दोन घोट पाजली, बाकीची स्वतःसाठी ओट्यावर घेऊन आलो. पुन्हा टण टण. "हाय गं, हाय." ऊन छान पडलं होतं. इतकं शांत गाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना शांतता करून देणाऱ्या माणसाला ती अशी फुकट मिळत होती, आणि मला ती गोड वाटत होती.

मधे कधीतरी मला जाणवलं की बऱ्याच वेळात ठोकल्याचा आवाज आला नाही. मी कान दिला. काहीच नाही. मला वाटलं, बरं झालं, झोपली.

मी आंबिलीचा दुसरा पेला भरून घेतला.